जुन्या मोटर यॉटमध्ये पाणी शिरतंय, पण नेमकं कुठून?

चेसापीककर (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मेरीलँडमध्ये, अ‍ॅनापोलिसच्या जरा खाली एका खाडीत आमची बोट असते. ३४ फुटी ट्रॉलर (मासेमारीची नव्हे, त्या घाटाची मोटर यॉट), १९८१ची, तैवानात बांधलेली. एकच इंजिन, फोर्ड लेहमन १२०. फायबरचं हल (बोटीचं कवच), वर सागवानी डेक, खिडक्या लाकडी चौकटीच्या. इंजिन म्हातारं असलं तरी गुणी आहे. डोकेदुखी आहे ती पाण्याची.

पुढच्या केबिनमध्ये उजव्या गादीचा कोपरा पावसानंतर ओला लागतो. सलूनमध्ये डाव्या खिडकीखालच्या प्लायवर चहाच्या रंगाचे ओघळ उतरलेत. आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) हल्ली आपणहून सुरू होतो, बोट धक्क्याला नुसती बांधलेली असली तरी. आत शिरलं की कुबट वास येतो, तो बायकोला अजिबात सहन होत नाही.

शेजारच्या बोटवाल्याचा सल्ला: "सिलिकॉनच्या ट्यूबा आण आणि दिसेल ती फट बुजव." इथे बोटीतली, जहाजावरची माणसं आहेत म्हणून विचारतोय. सुरुवात कुठून करू?

इंजिनरूम:

त्या ट्यूबा दुकानातच राहू द्या. डेकवर एकदा सिलिकॉन फासलं की त्या जागी पुढे दुसरं काही धड चिकटत नाही, रंगसुद्धा नाही. पुढच्या दुरुस्तीआधी ते खरवडण्यातच जीव जातो.

मी जहाजांवर इंजिनात नोकरी केली, आता डोंबिवलीत घरी बसून असतो. आमच्याकडे बिल्जमध्ये पाणी दिसलं की सेकंड इंजिनियर आधी विचारायचा, कुठलं पाणी आणि कधी आलं? तुमच्या बोटीवर पाणी चार ठिकाणचं असू शकतं. खाडीचं, पावसाचं, टाकीतलं गोडं आणि इंजिनातलं कूलंट. एसी असेल तर त्याच्या ट्रेमधलं ठिबकणारं पाणीही धरा.

आधी बिल्ज साबणाने धुऊन, पुसून खडखडीत कोरडं करा. तेलकट पाण्यात नवीन थेंब कुठला ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही. मग तळावर जागोजाग टिश्यू पेपरच्या पट्ट्या टाका, जिथे पाणी वाहू शकतं तिथे टाल्कम पावडर भुरभुरा. थेंब गेला की पावडरीत वाट उमटते.

आता एकेक गोष्ट चालू करत जा. आधी काहीच नाही, नुसती बोट पाण्यात. तासाभराने गोड्या पाण्याचा पंप चालू करून सगळे नळ बंद ठेवा. मग इंजिन, धक्क्याला बांधूनच. मग गिअर टाकून. शेवटी बाहेर चक्कर. प्रत्येक टप्प्यानंतर टॉर्च घेऊन खाली उतरायचं. बिल्ज पंपाचा ऑटो स्विच बंद केला असेल तर तेवढा वेळ बोट सोडून जायचं नाही, हे सांगायला नको.

गच्चीवरून:

बोटीतलं काही कळत नाही, तरी लिहितो. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर पाणी ठिबकत होतं आणि फट निघाली गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, टाकीच्या पायाशी. स्लॅबमधून पाणी कुठल्या कुठे गेलं होतं. बोटीतही असंच असतं का?

ओलीचिंब:

@गच्चीवरून, अगदी असंच, फक्त इथे स्लॅबऐवजी दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड असतं आणि ते कुजतं. :(

मी सिअ‍ॅटलला. आमच्याकडेही ऐंशीच्या दशकातला तैवानी ट्रॉलर आहे आणि ऑक्टोबर ते मे आभाळ टपकतच असतं, त्यामुळे या विषयात नाइलाजाने पीएचडी झाली आहे. सविस्तर रात्री लिहिते. तोवर एकच: चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे ते लाकडातून गाळून आलंय. तो ओघळ खिडकीखाली दिसतोय म्हणून खिडकीच गळतेय असं धरून चालू नका, पण संशयित नंबर एक तीच.

चेसापीककर:

@इंजिनरूम काका, धन्यवाद. कुठलं पाणी ते चव घेऊन ठरवायचं का? अडचण अशी की आमचं पाणी धड खारं नाही. चेसापीक म्हणजे नदीमुखाचा प्रचंड पसारा, इथे समुद्राच्या निम्म्याहूनही कमी खारं असतं, आणि वसंतात सस्क्वेहॅना नदीला पूर आला की आणखी गोडं होतं.

इंजिनरूम:

बिल्जमधलं पाणी तोंडात घालू नका हो! डिझेल असतं, आणखी काय काय असतं. घरच्या फिल्टरचं पाणी तपासायला पेनासारखं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) मिळतं ते घ्या. पावसाचं पाणी शंभराच्या खाली, बहुतेक वेळा पन्नासच्याही आत. नळाचं साधारण शंभर ते काहीशे. तुमच्या खाडीचं हजारांत. स्वस्तातलं मीटर दहा हजारांच्या आसपास हात टेकतं, पण आपल्याला आकडा नकोच आहे, जात ओळखायची आहे.

मात्र नमुना घ्यायचा तो जिथे थेंब पडतोय तिथेच, बाटलीच्या झाकणात. एकदा तो बिल्जमधल्या जुन्या मिठावरून वाहत गेला की मीटर खोटं बोलणार.

आणि तुमच्याकडे हिवाळ्यात पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ भरतात ना? वसंतात बिल्जमध्ये गुलाबी छटा दिसली होती का?

चेसापीककर:

दिसली होती! मला वाटलं आमच्याकडून सांडलं असेल. मीटर मागवलं आहे, येईल उद्या.

सोलेंट:

साउथहॅम्प्टनहून. गुलाबी दिसलं म्हणजे बहुतेक गोड्या पाण्याची पाइपलाइन. पाइप राखाडी रंगाचे आहेत का? त्या काळच्या अमेरिकन घरांत आणि बोटींत पॉलीब्युटिलीनचे राखाडी पाइप घालायचे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते आणि त्यांचे प्लास्टिकचे जोड आतून ठिसूळ होतात. एक जोड बदलला की शेजारचा सुटतो. असतील तर सगळेच काढून पेक्स (दुसऱ्या जातीचे प्लास्टिक पाइप) घाला.

आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. पाणी तापलं की फुगतं, जागा नसली की व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर. इंजिनच्या उष्णतेवर तापणारा गीझर असेल तर बोट चालवल्यानंतरच गळतो, आणि लोक शाफ्टला शिव्या घालत बसतात. लाइनमध्ये छोटी अ‍ॅक्युम्युलेटर टाकी बसवली की मिटतं.

ओलीचिंब:

आले. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

खिडक्या आधी. तुमच्या सरकत्या काचा लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत बसतात. त्या खाचेत पाणी येणारच, तशीच रचना आहे, म्हणून तळाशी बाहेरच्या बाजूला बारीक भोकं ठेवलेली असतात. चाळीस वर्षांची धूळ, शेवाळ, मेलेल्या माश्या यांनी ती बुजतात. मग खाच भरते आणि पाणी आतल्या काठावरून प्लायमध्ये उतरतं. वायरीच्या तुकड्याने भोकं मोकळी करा आणि खाचेत कपभर पाणी ओता. सरळ बाहेर गेलं पाहिजे. न जाता हळूहळू जिरलं, तर खाचेच्या लाकडालाच तडा आहे आणि चौकट उतरवावी लागेल.

चौकट पुन्हा बसवताना काय लावायचं यावर लोक भांडतात. माझं मत: चौकट आणि केबिनच्या भिंतीमध्ये ब्युटाइल टेप. मळायला मऊ, वर्षानुवर्षं वाळत नाही, आणि पुढे कधी काढावं लागलं तर निघतं. पॉलीयुरेथेनमधलं ५२०० नावाचं पांढरं प्रकरण खिडकीच्या आसपासही आणू नका. ते कायमचं चिकटतं, काढताना चौकट फुटते. डेकच्या फटींना पॉलीसल्फाइड चांगलं, पण अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेटला ते लावायचं नाही, प्लास्टिकला खातं. तुमच्या खिडक्या काचेच्या असतील, हॅचचं (डेकमधल्या चौकोनी झरोक्याचं) झाकण मात्र बहुतेक प्लास्टिकचं असेल, ते बघून घ्या.

आता होजपाइप. दोन माणसं लागतात. एक बाहेर पाइप घेऊन, एक आत टॉर्च घेऊन, सीलिंगची पॅनेलं उतरवलेली. पाणी खालून वर मारत जायचं: आधी रब रेल (बोटीच्या बाजूने जाणारी, घासण्यापासून वाचवणारी पट्टी), मग डेकची कड, मग स्टँचिअनचे (रेलिंगच्या उभ्या दांड्यांचे) पाय, मग खिडकीची खालची बाजू, मग बाजू, सगळ्यात शेवटी वरचं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. एका जागी निदान दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पाण्याला आत यायला वेळ लागतो. जोराचा फवारा नको, पावसासारखं सोडायचं.

याहून गमतीचा प्रकार म्हणजे बोट फुगवणं. एका हॅचवर पुठ्ठा चिकटवून त्यातून पालापाचोळा उडवायच्या ब्लोअरने आत हवा भरायची. बाकी झरोके, सिंकची भोकं टेपने बंद. बाहेरून भांड्याच्या साबणाचं पाणी फवारत फिरायचं. जिथे फट तिथे बुडबुडे. (डिझेल बोट आहे म्हणून सांगतेय. पेट्रोल इंजिन असेल किंवा गॅस सिलिंडरची गळती असेल तर हा उद्योग अजिबात नको.)

डेकचं उद्या. हात दुखले.

देवबागचो:

वाचतोय, वाखू (वाचनखूण) साठवली. आमची मालवणात फायबरची पर्यटनाची होडी आहे, यॉट नव्हे. :) पावसाळ्यात ती वर काढलेली असते, तेव्हा आम्ही उलटं करतो. होडी ओंडक्यांवर नीट टेकवायची, आत चार बोटं पाणी ओतायचं आणि बाहेरून बघायचं कुठून पाझरतं. खडूने खूण करायची. पाण्याखालच्या भोकासाठी यासारखं सोपं काही नाही.

आमच्यात सगळ्यात जास्त कुजतो तो मागचा आडवा फळा, जिथे आउटबोर्डचे बोल्ट जातात. वरून फायबर धडधाकट, आत प्लायवूडचा चिखल. आजोबांच्या लाकडी होडीच्या सांध्यात कापूस आणि राळ भरायचे, वरून उंडीचं तेल. तेव्हा गळती दिसायची तरी. फायबर आतल्या आत कुजतं.

इंजिनरूम:

देवबागकर, पद्धत झकास. यॉट उचलल्यावर करता येईल, पण पाणी थोडंच. मोठ्या बोटीत आत भरलेल्या पाण्याचं वजन ठोकळ्यांवरच्या मोजक्या बिंदूंवर येतं.

चेसापीककर:

मीटर आलं. निकाल:

खिडकीखालचा थेंब ३८. पुढच्या केबिनमधला ६५. म्हणजे दोन्ही पाऊस. गीझरखालच्या कोपऱ्यातला १९०, आमच्या नळाचा जवळपास तेवढाच. आणि अगदी मागे, रडरच्या शाफ्टजवळून पुढे येणाऱ्या ओघळाने मीटर जवळजवळ टोकाला नेलं.

पाइप राखाडीच आहेत, @सोलेंट. गीझरच्या मागचा एक जोड हिरवट पांढऱ्या क्षाराने माखलाय. नळ सगळे बंद असताना पाण्याचा पंप मधूनच "घुर्र" करतो, तेही आता लक्ष देऊन ऐकलं.

म्हणजे एक नव्हे, निदान चार गळत्या!

इंजिनरूम:

जुन्या बोटीत एकच गळती कधी नसते. आता मागच्या ओघळाकडे. तोच खाडीचा आहे, म्हणजे बोट बुडवू शकणारा तोच. पाऊस गाद्या खराब करतो, लाकूड कुजवतो, पण हळूहळू. पाण्याच्या पातळीच्या दोन फूट खाली एक इंची भोक पडलं तर मिनिटाला साठ ते शंभर लिटर पाणी आत येतं. बोटी भर समुद्रातल्यापेक्षा धक्क्याला बांधलेल्याच जास्त बुडतात, कारण तिथे बघायला कोणी नसतं.

प्रोपेलर शाफ्टचा स्टफिंग बॉक्स (शाफ्ट हलमधून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारा) सगळे बघतात, रडरचा कोणी बघत नाही. काम तेच: ब्राँझच्या नळीत मेणचट दोरीचं पॅकिंग आणि वरून नट. शाफ्टचा स्टफिंग बॉक्स शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब सोडतो, ते हवेतच, त्यानेच तो थंड राहतो. चक्कर मारून आल्यावर हात लावा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर जास्त आवळलाय. रडरचं तसं नाही, तो फिरतो कितीसा? तिथे एकही थेंब नको.

नट आवळायचा तर एका वेळी सहावा हिस्सा फेरा, आणि लॉक नट आधी सैल करून. दोन-तीनदा आवळूनही टपकत असेल तर पॅकिंग संपलंय. बोट बाहेर काढल्यावर बदला.

त्याच फेरीत सगळे सीकॉक (हलच्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) उघडझाप करून बघा. त्या काळच्या कित्येक बोटींत हलच्या भोकांवर घरगुती पितळी गेट व्हॉल्व्ह बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते सच्छिद्र तांबं. चाकूने जरा खरवडा. खाली पिवळं चमकायच्या ऐवजी गुलाबी दिसलं तर त्याच्यावर भरवसा नको, ब्राँझचा सीकॉक बसवा. आणि प्रत्येकाशेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

सोलेंट:

+१. आणि बिल्ज पंपाचा बाहेरचा पाइप कुठे उघडतो? पाण्याच्या पातळीला लागून असेल तर टाक्या भरल्यावर भोक पाण्याखाली जातं आणि सायफन होऊन तेच पाणी उलट आत येतं. पंप तेच पाणी दिवसभर फेकत बसतो. पाइप आत उंच वळण देऊन घ्या, वर हवेचा व्हॉल्व्ह. नॉन-रिटर्नवर विसंबू नका, कचऱ्याने अडकतो.

ओलीचिंब:

डेक. यावर वाद होणार याची कल्पना आहे. :)

त्या काळी सागवानी पट्ट्या वरून स्क्रू मारून बसवायचे. डेकभर शेकडो, कधी हजारांवर स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे वरच्या फायबरला पाडलेलं एक भोक. स्क्रूच्या डोक्यावर सागाची गोल बुच असते. वर्षानुवर्षं ब्रशने घासून सागवान पातळ होतं, बुच उडते, पाणी स्क्रूच्या कडेने खाली. म्हणून सागवानी डेक प्रेशर वॉशरने धुवायचं नाही, आणि घासायचं तर रेषांना आडवं, मऊ ब्रशने.

स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन सगळ्या डेकवर ठोकत फिरा. टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर तिथे मास्किंग टेप लावा. टेपांचा नकाशा झाला की दिसेल कोरडं किती आणि कुजलेलं किती. आणि भोकं तपासताना स्क्रूंपेक्षाही आधी स्टँचिअनचे पाय, पाण्याची-डिझेलची भरायची झाकणं, नांगराचा विंडलास (साखळी ओढायचं यंत्र).

चेसापीककर:

शनिवारी होज चाचणी केली. मुलगा आत, मी बाहेर. खिडकीचं @ओलीचिंब ताई म्हणाल्या तसंच निघालं. खाचेची भोकं पार बुजलेली. मोकळी करून कपभर पाणी ओतलं, बाहेर गेलं. सध्या ओघळ थांबलाय.

पुढची गादी मात्र वेगळीच निघाली. रब रेल, डेकची कड, काही नाही. उजव्या बाजूच्या पुढच्या स्टँचिअनच्या पायाशी पाणी धरलं, बराच वेळ काहीच नाही, आणि मग आतून मुलगा ओरडला, "बाबा, इकडे!" थेंब पडत होता गादीवर, स्टँचिअनपासून चांगला हातभर मागे.

पाय काढला. चार स्क्रूंपैकी दोन बोटांनीच निघाले, काळे पडून निम्मे झिजलेले. भोकात ऑल (टोचणी) घातली तर तपकिरी लगदा बाहेर आला, ओल्या तंबाखूसारखा वास. टेपांचा नकाशाही केला. पुढच्या डेकवर ताटाएवढा भाग भद्द वाजतो, बाकी बरं वाटतंय.

ओलीचिंब:

ताटाएवढं म्हणजे नशीबवान आहात. पायाची भोकं मोठी करा, वाकवलेल्या खिळ्याने फायबरच्या थरांमधला कुजका भाग खरवडून काढा, हीट गनने नव्हे तर साध्या बल्बने किंवा हवेने दिवसेंदिवस वाळवा. खालून टेप लावून घट्ट केलेलं एपॉक्सी भरा. ते बसल्यावर पुन्हा बारीक भोक पाडा, तोंडाशी जरा खोलगट करा, ब्युटाइल गुंडाळून बोल्ट घाला. खाली भक्कम प्लेट. यापुढे बोल्ट गळला तरी पाणी एपॉक्सीला भेटेल, लाकडाला नाही.

सोलेंट:

आणि पुढच्या वर्षी दुसरा पाय, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. सगळं सागवान उपटा, भोकं भरा, वर फायबर घाला आणि नॉनस्किड रंग मारा. एकदाच खर्च.

ओलीचिंब:

तो "एकदाच खर्च" बोटीच्या किमतीच्या जवळ जातो, हे सांगायचं राहिलं. डेकचा बहुतेक भाग टणटणीत असताना मी तरी उपटणार नाही.

सोलेंट:

स्वतः हाताने केलं तर नाही जात. पण मान्य, उन्हाळा त्यातच जातो.

चेसापीककर:

उन्हाळा घालवायची घरून परवानगी नाही. :) यंदा फक्त ताटाएवढा भाग, सगळ्या स्टँचिअनचे पाय आणि उडालेल्या बुचा. राखाडी पाइप सगळे काढतोय. नोव्हेंबरात बोट वर निघेल, तेव्हा रडर.

ओलीचिंब:

हिवाळ्यात वर ताडपत्री घालणार असाल तर दोन्ही टोकांना हवा खेळेल असं उघडं ठेवा, नाहीतर आतल्या दमटपणानेच गाद्या ओल्या होतील आणि पुन्हा गळती शोधत बसाल.

इंजिनरूम:

आणि बिल्ज पंपाला काउंटर लावा, किती वेळा सुरू झाला ते मोजणारा. वेगळ्या उंचीवर दुसरा फ्लोट (पाणी चढलं की चालू होणारा स्विच) आणि भोंगाही.

चेसापीककर:

अपडेट. बोट वर आहे. रडरचं पॅकिंग काढलं, दगडासारखं कडक झालंय. तीन गेट व्हॉल्व्हपैकी एक चक्क गुलाबी! जुनं पॅकिंग मोजलं तर पाव इंच भरतं. तेच मागवू?

इंजिनरूम:

जुन्यावरून माप घेऊ नका, दाबून चपटं झालेलं असतं. रडरचा दांडा आणि बाहेरची नळी यांच्यामधल्या फटीत ड्रिल बिटांच्या मागच्या गोल बाजू घालून बघा, जो अलगद बसेल तो आकार. मग रिंगा तिरक्या कापा, एकाच लांब तुकड्याचे वेढे घालू नका, आणि प्रत्येक रिंगचा जोड आधीच्या जोडापासून एक तृतीयांश फेरा सरकवा.

चेसापीककर:

पाव इंची ढिला होतो, ५/१६ अलगद बसतो. तेच मागवतो.

देवबागचो:

ते ब्युटाइल टेप इकडे मुंबईत कुठे मिळतं कोणाला माहीत आहे का? होडीच्या रेलिंगला लावून बघतो.

गच्चीवरून:

लोहार चाळीत विचारून सांगतो. आमच्या गच्चीलाही हवंच आहे.